जुन्या कॉम्प्युटरात काय घालावे?

आमचे गाव फुलंब्री तालुक्यात आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, तेथून तासाभराच्या वाटेवर. गावात लहानसे वाचनालय आहे. वाचनालयात एक कॉम्प्युटर आहे. तो नवा नाही. शहरातील एका कचेरीने तो काढून टाकला होता. आम्ही तो मागून आणला.

कॉम्प्युटर आला तेव्हा गावाला आनंद झाला. पण नुसती पेटी काय कामाची? आम्ही ती एस.टी.त घालून पुन्हा शहरात नेली. एका दुकानदाराने तीत विंडोज घालून दिली. पाचशे रुपये घेतले. आम्ही पावती मागितली. तो हसला. म्हणाला, "गुर्जी, पाचशेत कुठं पावती असती का?" आम्ही जन्मभर शाळेचे हिशेब लिहिले. तरी त्या दिवशी पावतीवाचून परत आलो. ती आमची चूक.

विंडोज ही विकत घ्यायची वस्तू आहे. ती बनवणारी कंपनी तिचे पैसे घेते. त्यात गैर काही नाही. पण आमच्या पेटीत घातली ती चोरून केलेली नक्कल होती. अशा नकलेत पुष्कळदा आधीच कीड असते. शिवाय नक्कल पकडली जाऊ नये म्हणून दुकानदार तिची नेहमीची डागडुजी बंद करून ठेवतात. दार उघडे ठेवून झोपण्यासारखेच ते.

त्या कॉम्प्युटरात महिला बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब होता. वही लिहिणे गटाने बंद केले होते. एके दिवशी सकाळी पडद्यावर इंग्रजी मजकूर उमटला. त्याचा अर्थ असा होता : तुमच्या सर्व कागदांना कुलूप लावले आहे. पैसे भरा, मग किल्ली देऊ. कुलूप लावणारा कोण, कुठला, कुणास ठाऊक!

पैसे भरले नाहीत. गटाच्या चौदा बायका आपापली पासबुके घेऊन वाचनालयात आल्या. त्यांतल्या नऊजणी रात्रीच्या वर्गात अक्षर शिकलेल्या. त्यांनी आपले आकडे स्वतः वाचून दाखवले. आम्ही लिहून घेतले. दोन दिवसांत हिशेब जुळला. फक्त एका बाईंचा दोनशे रुपयांचा हप्ता कशातच सापडला नाही. त्या म्हणतात, भरला. आम्हालाही वाटते की भरलाच असेल. पण कागद नाही.

त्यानंतर आम्ही ठरवले की चोरीची वस्तू पेटीत घालायची नाही. मग काय घालायचे? शोध केला, माणसांना विचारले. जे कळले ते येथे सांगतो.

येसराची पुडी आणि येसराची कृती

कॉम्प्युटर म्हणजे लोखंडाची आणि प्लास्टिकची पेटी. तिला स्वतःची अक्कल नसते. पडद्यावर काय दाखवायचे, कळ दाबली तर कोणते अक्षर उमटवायचे, छापायला कागद कधी पाठवायचा, हा सारा कारभार पाहणारी एक कारभारीण पेटीत असावी लागते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मराठीत कार्यप्रणाली. विंडोज ही एक कारभारीण. कारभारणीच्या हाताखाली कामकरी असतात. कोणी पत्र लिहितो, कोणी हिशेब करतो, कोणी गाणे वाजवतो. त्यांना सॉफ्टवेअर म्हणतात. तसे पाहिले तर कारभारीणही सॉफ्टवेअरच.

आता येसराचे उदाहरण घेऊ. आपल्या मराठवाड्यात येसर कुणाला ठाऊक नाही? एक बाई बाजारातून येसराची तयार पुडी आणते. पुडीत काय घातले, किती भाजले, हे तिला कळत नाही. पुडी संपली की पुन्हा पैसे. दुसऱ्या बाईला शेजारीण कृती सांगते. ती घरीच धान्य भाजते, मसाला घालते, दळते. तिखट झाले तर पुढच्या वेळी मिरची कमी करते. लेक सासरी निघाली की तिलाही कृती सांगते. कृती सांगितली म्हणून शेजारणीच्या डब्यातले येसर कमी होत नाही.

सॉफ्टवेअरचीही कृती असते. तिला सोर्स कोड म्हणतात. बऱ्याच कंपन्या कृती झाकून ठेवतात आणि पुडी विकतात. काही माणसे मात्र कृती सर्वांपुढे उघडी ठेवतात. कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. अशा सॉफ्टवेअरला ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. ते बहुतेक वेळा फुकट मिळते. पण फुकट मिळणे ही त्यातली लहान गोष्ट. आपल्या पेटीत काय चालले आहे ते जाणकाराला उघडून पाहता येते, ही मोठी गोष्ट.

हे काम कुणी सुरू केले? अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली असे मुक्त सॉफ्टवेअर बनवण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंड देशातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने कारभारणीचा गाभा लिहिला आणि जगापुढे ठेवला. त्याचे वय तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्या गाभ्याला लिनक्स म्हणतात. पुढे हजारो माणसांनी त्यात भर घातली, अजून घालीत आहेत.

तुमच्या खिशात मोबाईल आहे ना? तो अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. "लिनक्स अवघड, आपल्याला जमायचं नाही," असे म्हणणारा माणूस रोज लिनक्सवरच बोट फिरवीत असतो! केरळ राज्यातील सरकारी शाळांत मुले कॉम्प्युटर शिकतात ती लिनक्सवर. आपल्या देशातील जिल्हा न्यायालयांच्या कामासाठीही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घेतले आहे. २०१५ साली भारत सरकारने आपल्या कचेऱ्यांसाठी मुक्तस्रोताचे धोरण काढले.

कोणते वाण घ्यावे?

ज्वारी एकच, पण मालदांडी वेगळी आणि दगडी वेगळी. लिनक्सचेही तसेच आहे. त्याची शेकडो वाणे आहेत. नवा माणूस यादी पाहूनच घाबरतो. आम्हीही घाबरलो होतो. एका तरुणाने एक नाव सांगितले, दुसऱ्याने त्याला नावे ठेवली. दोघांचे अर्धा तास भांडण. त्या भांडणात तुम्ही पडू नका.

नवशिक्याने लिनक्स मिंट घ्यावे, असे आमचे मत आहे. ते २००६ साली निघाले. त्याचा पडदा विंडोजसारखाच दिसतो. खाली डाव्या कोपऱ्यात कळ असते, ती दाबली की कामांची यादी उघडते. ज्याने पूर्वी कॉम्प्युटर पाहिला आहे त्याला परके वाटत नाही. मिंटचे तीन प्रकार मिळतात. पेटी जुनी असेल तर एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार घ्यावा. रॅम किती आहे ते पाहावे. रॅम म्हणजे काम करायचा ओटा. ओटा लहान असला की भांडी मावत नाहीत. मिंटला निदान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असली तर काम सुखाचे होते. आमच्या पेटीत ४ जीबी आहे.

उबुंटू हे दुसरे नामांकित वाण. २००४ साली निघाले. उबुंटू हा दक्षिण आफ्रिकेतील शब्द आहे, त्याचा अर्थ माणुसकी. मिंट हे उबुंटूच्याच पायावर उभे आहे. पण उबुंटूला ओटा जरा मोठा लागतो. तिसरे वाण आपल्या देशाचे. त्याचे नाव बॉस. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेने ते तयार केले आणि त्यात भारतीय भाषांची सोय केली. घरचे म्हणून आम्हाला त्याचे कौतुक आहे. तरीही आम्ही मिंट घेतले. कारण साधे आहे. काही अडले तर मिंट जाणणारा माणूस लवकर सापडतो.

जुन्या पेट्यांचा प्रश्न हल्ली पुष्कळांपुढे आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. सुमारे २०१८ च्या आधीच्या बहुतेक पेट्या विंडोज ११ च्या नियमात बसत नाहीत. अशी चालती पेटी भंगारात टाकण्यापूर्वी तिच्यात लिनक्स घालून पाहावे.

आधी चाखून पाहावे

लिनक्सची एक सोय फार चांगली आहे. ते पेटीत न घालता चाखून पाहता येते. कसे ते सांगतो.

मिंट त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. दुसरीकडून घेऊ नये. ते सुमारे ३ जीबीचे असते. गावात रेंज नसेल तर शहरात गेल्यावर उतरवावे. मग ते पेनड्राइव्हवर चढवावे. नुसती कॉपी करून चालत नाही. त्यासाठी वेगळे लहान सॉफ्टवेअर असते, ते जाणकाराकडून समजून घ्यावे. पेनड्राइव्हवर आधी असलेले सारे पुसले जाते हे ध्यानात ठेवावे. मग पेनड्राइव्ह पेटीला लावून पेटी सुरू करावी. सुरू होताना एक ठरावीक कळ दाबावी लागते. बऱ्याच पेट्यांत ती एफ १२ असते, काहींत दुसरी. थोड्या वेळाने मिंटचा पडदा दिसतो. पेटीतले जुने सामान जसेच्या तसे राहते.

आता तपासा. वायफाय लागते का? आवाज येतो का? कागद छापला जातो का? दोन दिवस वापरून पाहा. नाही आवडले तर पेनड्राइव्ह काढा आणि पेटी पुन्हा सुरू करा. पूर्वीचे सारे जागच्या जागी असते. येथे मात्र एक सावधगिरी. पटले म्हणून मिंट पेटीत कायमचे घालायला निघालात, तर वाटेत एक प्रश्न येतो : सगळी डिस्क पुसून टाकू का? हो म्हटले की सारे गेले. फोटो, पत्रे, हिशेब, सारे. म्हणून आधी सर्व दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घ्यावे. तो पेनड्राइव्ह दुसऱ्या पेटीत उघडून पाहावा. मगच हो म्हणावे.

रोजचे कामकरी

मिंटबरोबर रोजचे कामकरी आयतेच येतात. पत्र आणि अर्ज लिहायला लिब्रेऑफिस. हिशेबाचे तक्तेही त्यातच. वर्ड आणि एक्सेलमध्ये केलेले कागद त्यात उघडतात. क्वचित रकाना सरकतो, तेवढा नीट करावा लागतो. इंटरनेट पाहायला फायरफॉक्स. भजन, कीर्तन, सिनेमा लावायला व्हीएलसी हा चांगला. तो नसला तर मिंटच्या भांडारातून फुकट घ्यावा. कोणतेही नवे सॉफ्टवेअर त्या भांडारातूनच घ्यावे. वाटेल त्या ठिकाणाहून उतरवू नये. लिनक्सला कीड लागतच नाही, असे कोणी म्हणेल तर मानू नका. कमी लागते, हे खरे.

मराठी लिहिण्याचे काय? पूर्वी मराठी अक्षरांचे निरनिराळे फाँट असत. एका दुकानात लिहिलेला अर्ज दुसऱ्या दुकानात उघडला की पडद्यावर किडामुंगी. आता युनिकोड आले. युनिकोडमध्ये लिहिलेला क सगळीकडे क च दिसतो. मिंटमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक निवडता येतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. आधी व्यंजन, मग मात्रा. कागदावर 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो. येथे आधी क, मग वेलांटी. ज्याने वर्णमाला नुकतीच गिरवली आहे त्याला हे लवकर साधते. इंग्रजी स्पेलिंग करून मराठी लिहिणारे आमचे नातू मागे पडले आणि रात्रवर्गातल्या एक आजी पुढे गेल्या!

शिकायचे असेल तर मुंबईच्या आय.आय.टी. संस्थेचे स्पोकन ट्यूटोरियल पाहावे. त्यात लिनक्सचे आणि लिब्रेऑफिसचे लहान लहान धडे मराठीतून सांगितले आहेत. ते फुकट आहेत.

काही कामांना लिनक्स चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी आहे. आधारसाठी अंगठा घेणारी यंत्रे बहुधा विंडोज किंवा अँड्रॉइडवरच चालतात. डिजिटल सहीचा डोंगल काही ठिकाणी अडतो. काही छपाई यंत्रेही रुसतात. ज्याचे पोट सेवा केंद्रावर आहे त्याने विंडोज रीतसर विकत घ्यावी, पावती घ्यावी. वाचनालय, बचत गट, शाळकरी मुले यांचे काम लिनक्सवर भागते.

आपल्या शहराला मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर बांधून दिली. पाणी सर्वांना मिळत होते, पण गाळ काढायला माणसे लागत. लिनक्सलाही निगा लागते. मिंटचे नवे वाण आले की त्याला सुमारे पाच वर्षे डागडुजी मिळते. अधूनमधून पडद्यावर खुणेचे चिन्ह येते. ते दाबावे आणि डागडुजी होऊ द्यावी. आमच्याकडे हे काम दर शनिवारी होते. त्याच दिवशी बचत गटाच्या अध्यक्ष बाई हिशेब पेनड्राइव्हवर काढून घरी नेतात. महिन्याअखेर तो कागदावर छापतात. प्रत्येक बाई आपली ओळ वाचते आणि पुढे सही करते.

दर रविवारी दुपारी आम्ही वाचनालयात असतो. कुणाला मिंट हवे असेल तर पेनड्राइव्ह घेऊन यावे. आठ जीबीचा पुरतो.