मैदानाचा ताळेबंद (भाग ७) : एका गुणाचं सोनं

मागच्या भागात आपण भारतीय महिला हँडबॉल संघाची आंतरराष्ट्रीय कामगिरी पाहिली. दक्षिण आशियात सुवर्णपदक, पण समोर जपान, कोरिया किंवा चीन आला की हार, असं ते चित्र होतं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत जपाननं भारताला ४१–१३ असं हरवलं, तो आकडा वाचताना कुणालाही वाईट वाटेल. महिला कबड्डीचं पान उघडलं की चित्र एकदम पालटतं. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी २०१० साली आली. तेव्हापासूनच्या चार स्पर्धांत भारताला तीन सुवर्णं आणि एक रौप्य मिळालं. विश्वचषक दोनदा झाला, २०१२ मध्ये पाटण्यात आणि २०२५ मध्ये ढाक्यात, आणि दोन्ही वेळा तो भारतानंच जिंकला. म्हणून हँडबॉलच्या नावानं उसासा टाकायचा आणि कबड्डीच्या नावानं निश्चिंत व्हायचं, अशी आपली सवय झाली आहे. ही निश्चिंती चुकीची आहे असं मला वाटतं. पदकांची यादी बाजूला ठेवून अंतिम सामन्यांचे गुण एकापुढे एक मांडले, तर कबड्डीचा हिशोब वेगळंच काही सांगतो, आणि त्याचा थेट संबंध मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यासारख्या दुर्गम आदिवासी गावांशी पोचतो.

ते गुण पाहू. २०१०, ग्वांगझो : भारत २८, थायलंड १४. म्हणजे बरोबर दुप्पट. २०१४, इंचॉन : भारत ३१, इराण २१. २०१८, जकार्ता : इराण २७, भारत २४. आणि हांगझोची स्पर्धा, जी २०२२ ऐवजी २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली : भारत २६, चायनीज तैपेई २५. याच तैपेईनं त्याच स्पर्धेच्या गटसाखळीत भारताला ३४–३४ असं बरोबरीत रोखलं होतं. चौदा गुणांची आघाडी, मग दहाची, मग तीन गुणांची हार आणि शेवटी एका गुणाचा विजय. ७ ऑक्टोबर २०२३ ला मिळालेलं हे सुवर्ण भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक होतं. देशभर त्या शंभराचा जल्लोष झाला आणि तो रास्तच होता, पण त्या आवाजात एकाच्या आकड्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. एक बोनस गुण इकडचा तिकडे झाला असता, तर लागोपाठ दुसऱ्या आशियाई स्पर्धेत भारत अंतिम सामना हरला असता.

यावर आक्षेप असा येईल की २०२५ नं ही शंका खोटी ठरवली. मार्चमध्ये तेहरानला, इराणच्याच अंगणात, भारतानं आशियाई अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इराणला ३२–२५ असं नमवलं. नोव्हेंबरात ढाक्याच्या विश्वचषकात तैपेईवर ३५–२८ असा विजय मिळवला. हे दोन्ही विजय निर्विवाद आहेत, आणि ते मिळवणाऱ्या मुलींचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण फरक दोन्हीकडे सात गुणांचाच आहे. कबड्डीत सात गुण म्हणजे एक लोण आणि त्याच्या आगेमागे दोन-तीन चढाया-पकडी. पाच मिनिटांत तेवढं फिरतं. २०१२ साली पाटण्यातही इराणविरुद्धचा फरक सहाच गुणांचा होता, २५–१९. ग्वांगझोसारखी दुप्पट गुणांची अंतिम लढत त्यानंतर आशियाई स्पर्धेत किंवा विश्वचषकात पुन्हा दिसलेली नाही. भारत घसरला असा याचा अर्थ काढणं चूक होईल. समोरचे वर चढले आहेत. इराणनं २०१० मध्ये कांस्य, २०१४ मध्ये रौप्य आणि २०१८ मध्ये सुवर्ण घेतलं. तैपेईनं २०१८ च्या कांस्यावरून पुढच्याच वेळी रौप्य गाठलं. खेळ आपला आहे म्हणून मिळालेली जन्मजात आघाडी आता वापरून संपत आली आहे.

जकार्ताच्या त्या पराभवात मराठी वाचकांनी विशेष लक्ष द्यावं अशी एक गोष्ट आहे. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवून त्या निवृत्त झाल्या, मग इराणला गेल्या, तिथल्या मुलींशी बोलता यावं म्हणून फारसी शिकल्या, सरावात योग आणि प्राणायाम आणला, आणि भारताला हरवून सुवर्ण मिळवणारा संघ घडवला. तेव्हा काहींना हे खटकलं होतं : आपलं ज्ञान परक्यांना देऊन आपल्यालाच हरवायचं, हे कसं? पण जो खेळ ऑलिंपिकपर्यंत जावा अशी आपली इच्छा आहे, त्याला तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवेतच. एकाच देशानं जिंकायचा खेळ जगाच्या मैदानावर टिकत नाही. म्हणून जैन यांनी भारताच्या कबड्डीचं नुकसान केलं असं मी मानत नाही. माझ्या मते भारतीय महिला कबड्डीच्या इतिहासात तो हरलेला सामना सर्वांत उपयोगी ठरला. खरा प्रश्न वेगळा आहे. नाशिकच्या एका प्रशिक्षिकेचं कसब तेहरानच्या मुलींपर्यंत पोचलं. नाशिकला लागून त्र्यंबकेश्वर तालुका, त्याला लागून मोखाडा, आणि मोखाड्यात खोडाळा. एवढ्या अंतरात ते कसब का झिरपलं नाही?

इथे हँडबॉलचं उदाहरण पुन्हा कामाला येतं. दक्षिण कोरियाच्या महिलांनी १९८८ आणि १९९२ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, १९९५ मध्ये त्या जगज्जेत्या झाल्या, आणि आशियात तर त्यांचा दबदबा अनेक दशकं टिकला. पण मागे उभा असलेला पाया लहान होता. ज्या देशानं जगाला हरवलं, त्याच्या महिला लीगमध्ये संघ अवघे आठ. युरोपातल्या देशांनी शाळा आणि क्लबांचं जाळं विणलं तशी कोरियाची आघाडी ओसरली, आणि २०२४ च्या डिसेंबरात दिल्लीत झालेल्या आशियाई अजिंक्यपदात जपाननं अंतिम सामन्यात कोरियालाच हरवलं. थोड्या जणींकडून अतोनात मेहनत करून घेतली तर शिखर गाठता येतं, पण प्रतिस्पर्ध्यांनी पाया रुंद केला की तिथे टिकणं अवघड होतं. भारतीय महिला कबड्डीची आजची जागा मला अगदी अशीच दिसते. राष्ट्रीय संघात हरियाणा आणि हिमाचलचा भरणा मोठा. महाराष्ट्राकडून अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ, किशोरी शिंदे, सायली केरिपाळे, सोनाली शिंगटे, स्नेहल शिंदे अशा खेळाडूंनी संघ सावरला. पण त्यातल्या बहुतेक जणी मुंबई-पुण्याच्या क्लबसंस्कृतीत तयार झाल्या. जिथे संध्याकाळी क्लबचं मैदान भरतं, सिनिअर खेळाडू लहान मुलींची पकड सुधारून देतात आणि पुढे रेल्वेत नोकरीची आशा असते, तिथून खेळाडू येतात. सह्याद्रीच्या या पट्ट्यात यातलं काहीच नाही.

म्हणजे खोडाळ्यात खेळ नाही असं नव्हे. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे तालुके येतात. त्यांतल्या आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा होतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल, रिले असे खेळ त्यांत असतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी घरांतल्या मुली केंद्र, मग प्रकल्प, मग विभाग अशा पायऱ्या चढतात. चपळाई, दम, डोंगरात वाढलेले पाय, सगळं तिथे असतं. पण विभागापुढे जिना जवळजवळ संपतो. शाळेतलं वय सरलं की मुलगी आश्रमशाळेतून बाहेर पडते, आणि तिला सामावून घेणारा क्लब तालुक्यात नसतो. दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर किंवा नाशिकच्या द्राक्षबागांत कामाला जातं, तशी तीही जाते. त्यात आणखी एक अडचण. मोठ्या स्पर्धांतली कबड्डी आता मॅटवर, बूट घालून खेळली जाते. मातीवर अनवाणी कमावलेला पदन्यास मॅटवर तसाच चालत नाही, बूट घालून वळायला आणि पाय टाकायला नव्यानं शिकावं लागतं. ज्या मुलीनं पहिली मॅट निवड चाचणीच्या दिवशीच पाहिली, तिची चाचणी मैदानावर उतरण्याआधीच अर्धी संपलेली असते.

इथे कविता राऊतचं नाव घेतलं जाणार, आणि घेतलं जायलाच हवं. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी नाशिकच्या प्रशिक्षणातून उभी राहिली, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. ज्याच्यात धमक आहे तो पुढे येतोच, असं त्यावरून सांगितलं जातं. पण धावणं आणि सांघिक खेळ यांच्या वाटाच वेगळ्या आहेत. धावपटूचा पुरावा घड्याळ देतं. तिची वेळ दिल्लीतही तीच आणि सावरपाड्यातही तीच. एक चांगला प्रशिक्षक आणि एक रस्ता एवढ्यावर ती बरीच मजल मारू शकते. मध्यरक्षकाची पकड मात्र कोणत्याही घड्याळात मोजता येत नाही. ती सात जणींच्या साखळीतच दिसते, ती साखळी वर्षानुवर्षं एकत्र खेळूनच जमते, आणि ती किती पक्की आहे हे तगडा संघ समोर आल्यावरच कळतं. म्हणून डोंगराळ भागातून एखादी धावपटू निघाली यावरून कबड्डीपटू आपोआप निघेल असं अनुमान काढता येत नाही.

मग दुर्गम भागातून सांघिक खेळाडू निघूच शकत नाहीत का? निघतात, आणि त्याचे पुरावे फार लांबचे नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात अलंगुणच्या शाळेत खो-खो रुजला आणि तिथल्या आदिवासी मुली राज्याच्या संघात खेळल्या. त्याच्या पलीकडे गुजरातच्या डांगमध्ये बिलियांबा गाव आहे. तिथली ओपिना भिलार २०२५ च्या जानेवारीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. या गावांकडे मोठी क्रीडासंकुलं नव्हती. तिथे बदली होऊन न जाणारे, वर्षानुवर्षं एकाच मैदानावर उभे राहणारे शिक्षक होते, त्याच मुली एकत्र वाढल्या, आणि त्यांना तालुक्याबाहेर खेळायला नेलं गेलं. मोखाड्यात कमी आहे ती नेमकी ही सलगता.

सर्वांत गंभीर आक्षेपाला मात्र घाईनं उत्तर देता येत नाही. जव्हार-मोखाड्याचं नाव महाराष्ट्रानं १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे ऐकलं, आणि कुपोषण तिथून अजून गेलेलं नाही. जिथे पोटाचा प्रश्न आहे तिथे राष्ट्रीय संघाची भाषा कशाला, असं कुणी विचारलं तर त्याचा राग येऊ नये. पण हा प्रश्न अन्न आणि खेळ यांना एकमेकांसमोर उभं करतो, आणि तसं ते असतं असं मला वाटत नाही. रोज दोन तास चढाई-पकडीचा सराव करणाऱ्या मुलीचं वजन, रक्तातलं लोह, तिच्या ताटातली डाळ आणि अंडी यांची नोंद प्रशिक्षकाला ठेवावीच लागते, कारण त्याशिवाय तिला सराव झेपत नाही. जिची नोंद रोज होते तिच्याकडे दुर्लक्ष करणं अवघड होतं. शिवाय, शाळा सुटल्यावरही संघात राहण्याचं कारण मिळालं तर तिचं लग्न दोन-तीन वर्षं पुढे ढकलायला घरच्यांपुढे काहीतरी ठोस मांडता येतं. पैशाचं म्हणाल तर सरकारकडे तो नाही असं म्हणता येणार नाही. २०१२ च्या विश्वचषकानंतर महाराष्ट्रानं संघातल्या आपल्या तीन खेळाडूंना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले होते. त्या तिघींचा तो हक्कच होता. पण आपला पैसा विजयानंतर येतो, आणि वरून येतो. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून उभी राहिली. महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली आणि ती तिथेच थांबली. जव्हार प्रकल्पात एक कायमची मॅट आणि शाळा संपलेल्या मुलींसाठी एक संघ, एवढी मागणी त्या तुलनेत फार मोठी नाही. आश्रमशाळेत जागा आहे, निवास आहे, मुली आहेत. नाहीत ते त्यांच्यासोबत पाच वर्षं राहणारे प्रशिक्षक आणि दहावी-बारावीनंतरचा रस्ता.

पुढच्या भागात खो-खोच्या त्याच पहिल्या विश्वचषकाकडे वळू. तिथे भारतीय महिलांनी सलामीच्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५–१८ असं हरवलं होतं. एका गुणाच्या सुवर्णाला जी कसोटी लावली, तीच एकशे सत्तावन्न गुणांच्या विजयाला लावून पाहायची आहे.