छोटी गिटार, मोठा आवाका

इलेक्ट्रिक गिटारला आवाजासाठी पोकळ पेटी लागत नाही. तारांचं कंपन पिकअप टिपतो, अॅम्प ते मोठं करतो. त्यामुळे अंग आटोपशीर असलं, तरी आवाज आटत नाही.

स्केल : नट ते ब्रिज हे तारेचं मोकळं अंतर. फेंडर स्ट्रॅटोकास्टर २५.५ इंच, गिब्सन लेस पॉल सुमारे २४.७५, तर १९६४ मध्ये आलेली फेंडर मस्टँग २४ इंच. स्केल जितकं कमी, तितके फ्रेट जवळ आणि बेंड सोपे.

तारा : त्याच सुरात आखूड तारेवरचा ताण कमी होतो. ०.००९ इंचाचा (सर्वांत बारीक तारेची जाडी) संच लिबलिबीत वाटला, तर ०.०१० चा लावा.

पिकअप : सिंगल कॉइलचा आवाज टणत्कारी, पण गुणगुण फार. हंबकर ती गुणगुण मारतो, आवाज भरदार देतो. कॉइल-स्प्लिटची (हंबकरची एकच कॉइल चालवण्याची) सोय असेल, तर एकाच गिटारवर दोन्ही बाज मिळतात.

हेडलेस : इथे वरचं डोकं नसतं, तारा ब्रिजकडून जुळवतात. लांबी घटते, स्केल मात्र पूर्ण राहू शकतं. काही मॉडेलना दोन्ही टोकांना बॉल असलेल्या तारा लागतात. त्या तुमच्या गावात मिळतात का, ते आधी पाहा.

उणी बाजू : आखूड स्केलवर वरच्या फ्रेटांत जाड बोटांची दाटी होते.

दुकानात तपासा : बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर सारखे दिसले पाहिजेत. फरक असेल, तर ब्रिजवरचं सॅडल जुळवून घ्या आणि मगच पैसे मोजा.