वाळूत नांगर कुठे टाकायचा?

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी सिम्पसन वाळवंट आहे. तिथे वाळूच्या अकराशेहून अधिक लांबच लांब टेकड्या एकमेकींना समांतर पसरलेल्या आहेत. १९६२ मध्ये भूशास्त्रज्ञ रेग स्प्रिग, त्यांच्या पत्नी ग्रिझेल्डा आणि दोन मुलं निसान पॅट्रोल गाडीतून या टेकड्या ओलांडत पलीकडे पोचली. मोटारगाडीने हे वाळवंट पार करणारे ते पहिले मानले जातात. आज दर हिवाळ्यात पुष्कळ गाड्या त्या वाटेने जातात. उन्हाळ्यात, म्हणजे १ डिसेंबर ते १५ मार्च, तिथली राखीव क्षेत्रं प्रवाशांना बंदच असतात. टेकड्यांचा पश्चिमेकडचा उतार सौम्य आणि पूर्वेकडचा उभा, त्यामुळे जाणकार पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणं पसंत करतात. वाटेतली सर्वांत प्रसिद्ध टेकडी बर्ड्सव्हिल गावाजवळची ‘बिग रेड’. ती साधारण ४० मीटर उंच आहे.

अशा टेकडीच्या चढावर गाडी अ‍ॅक्सलपर्यंत रुतली, तर पुढच्या बंपरवर लावलेली विंच पाहून धीर येतो. विजेची दणकट मोटर, २५-३० मीटर दोर, आणि ८,००० ते १२,००० पौंडांची, म्हणजे साडेतीन ते साडेपाच टनांची ओढ. जंगलात अशा वेळी समोरच्या जाड झाडाच्या बुंध्याला रुंद पट्टा गुंडाळतात, त्यात दोराचा हूक अडकवतात आणि बटण दाबतात. इथे समोर फक्त वाळू असते, आणि उतारावर स्पिनिफेक्स गवताचे झुबके. दोराचं दुसरं टोक बांधायचं कशाला?

वाळवंटात गाडी काढण्याच्या साऱ्या विद्येचं मूळ या प्रश्नात आहे. विंच कितीही ताकदीची असली तरी दोराच्या दुसऱ्या टोकाला जे आहे, त्याच्या बळापेक्षा जास्त ती ओढू शकत नाही. त्या टोकाला जमिनीत घट्ट बसवलेला नांगर लागतो, आणि कोरडी वाळू नांगराला फार कमी धरते. चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून असतात, कोरड्या वाळूचे नसतात. तिथे जे काही बळ मिळतं ते कणांच्या आपसातल्या घर्षणातून, आणि हे घर्षण वर किती वाळूचं ओझं आहे यावर ठरतं. म्हणूनच वाळूत खोली हेच बळ.

याचा हिशेब मातीच्या अभियांत्रिकीत साधा आहे. एक मीटर लांबीची मजबूत फळी वाळूत उभी पुरली आणि तिची खालची कड एक मीटर खोल गेली, तर तिला आडवं ओढताना समोरची वाळू साधारण अडीच टनांपर्यंत विरोध करते. तीच फळी अर्धा मीटरच खोल पुरली तर विरोध निम्मा होत नाही, चौथ्या हिश्शावर येतो, जेमतेम सहाशे किलो. घाईघाईत गुडघाभर खड्डा खणून स्टेपनी पुरणाऱ्यांच्या पदरी निराशा येते ती यामुळे. विंच फिरू लागते, गाडी जागची हलत नाही आणि स्टेपनी वाळू उकरत गाडीकडे येते.

स्टेपनी पुरण्याची रीत मात्र चांगली आहे, आणि ती शिकून घेण्यासारखी आहे. ओढीच्या दिशेला आडवा चर खणायचा. चाक त्यात उभं ठेवायचं, सपाट बाजू गाडीकडे. चाकाच्या मधल्या भोकातून पट्टा ओवून मागच्या बाजूला पहार किंवा जॅकचा जाड दांडा आडवा घालायचा, म्हणजे पट्टा सुटून येत नाही. मग चरापासून गाडीच्या दिशेने एक अरुंद खाच तिरकी वर आणायची आणि पट्टा तिच्यातून बाहेर काढायचा. ही खाच आळसाने टाळली तर पट्टा सरळ वर उचलला जातो आणि चाकालाही वर उपसतो. ओढ जितकी आडवी, तितका नांगर टिकतो. शेवटी वाळू परत भरून पायांनी थर थर तुडवायची.

हे काम किती कष्टाचं आहे, तेही आकड्यांत पाहावं. अगदी कोरडी वाळू साधारण ३४ अंशांहून उभी राहत नाही, कडा सतत ढासळत राहतात. म्हणजे मीटरभर खोलीसाठी खड्ड्याचं तोंड तीन मीटरांहून रुंद होतं आणि चार घनमीटर, म्हणजे सहा टनांच्या आसपास वाळू उपसावी लागते. तेवढीच परत भरायची. खाली किंचित ओल लागली तर कडा उभ्या राहतात आणि मेहनत बरीच वाचते. ती लागली नाही तर भर उन्हात दोन माणसांचं पाणी आणि शक्ती या एका खड्ड्यात जाते.

आता दुसरी बाजू. सामानासकट तीन टनांची गाडी घेऊ. अमेरिकी लष्कराच्या गाड्या काढण्याच्या पुस्तिकेतला ढोबळ नियम असा, की चाकांच्या खोलीपर्यंत रुतलेल्या गाडीला तिच्या वजनाइतकी ओढ लागते, आणि मडगार्डपर्यंत रुतली तर वजनाच्या दुप्पट. म्हणजे आपल्या गाडीला तीन टन, आणि चढ असेल तर त्याहून जास्त. मीटरभर खोल पुरलेली फळी अडीच टनच देते. हिशेब इथे तुटतो.

पण फावडं हाती घेऊन चाकांपुढची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू काढली, टायरमधली हवा ३५ पीएसआयवरून १५-१८ वर आणली आणि चाकांखाली कडक रिकव्हरी पट्ट्या सरकवल्या, तर चित्र पालटतं. सैल वाळूवर मोकळ्या चाकांच्या गाडीला वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास ओढ पुरते. पंधरा अंशांचा चढ आणखी पाव वजन वाढवतो. तीन टनांची ओढ दीड टनावर येते, आणि तोच अडीच टनांचा नांगर आता पुरून उरतो. गाडी मागे, उताराच्या दिशेने काढता आली तर गुरुत्वाकर्षणच मदतीला येतं आणि बहुतेक वेळा विंचची गरजही पडत नाही. वाळवंटातलं सर्वांत मोलाचं हत्यार फावडं आहे, हे या साध्या गणितावरून कोणालाही पटावं.

इथे कप्पीबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. दोर नांगरावरच्या कप्पीतून फिरवून परत गाडीला बांधला, की विंचवरचा ताण निम्मा होतो, हे खरं. त्यावरून पुष्कळांना वाटतं की नांगरावरचा ताणही निम्मा झाला. तसं होत नाही. दोराचे दोन्ही पदर नांगरालाच ओढत असतात, त्यामुळे गाडी हलवायला जेवढं बळ लागतं तेवढं सगळं नांगरावर पडतंच. कप्पी मोटर वाचवते, बॅटरी वाचवते. कच्चा पुरलेला नांगर ती वाचवू शकत नाही. विंचवर छापलेला आकडाही ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा असतो. वर जितके थर, तितकी ओढ कमी. त्यामुळे दोर लांबवर सोडून नांगर दूर पुरला तर दुहेरी फायदा होतो. विंचला पूर्ण ताकद मिळते आणि दोर जमिनीला जवळजवळ समांतर राहतो.

विंच नसतानाही माणसांनी मोठमोठी वाळवंटं मोटारीने पार केली आहेत. १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये असलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड सुटीत मित्रांबरोबर फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात जात असे. कैरोतल्या भंगाराच्या दुकानात त्याला पोलादी पन्हळी सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत घालण्यासाठी त्या बनवलेल्या होत्या. रुतलेल्या चाकांपुढे वाळू उकरून त्या सरकवायच्या आणि गाडी त्यांच्यावरून बाहेर घ्यायची, ही त्याची युक्ती. टायरमधली हवा कमी करणं ही दुसरी. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या ट्रकवर अशाच पन्हळी बांधलेल्या असत. पुढे याच दलाबरोबर भारतीय सैनिकांचं इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही वाळवंटात लढलं. बॅग्नोल्डने १९४१ मध्ये वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो आजही अभ्यासला जातो. त्याच्या दोन्ही युक्त्या ओढीची गरजच घटवणाऱ्या होत्या. आजच्या प्लॅस्टिकच्या रिकव्हरी पट्ट्या त्या पोलादी पन्हळींच्याच वंशातल्या आहेत.

सोबत न्यायच्या तयार नांगरांचा वारसा समुद्राकडून आला. शिडाच्या जहाजांना वारा नसला की खलाशी लहान होडीतून नांगर पुढे नेऊन टाकत आणि जहाजावरचं दोर गुंडाळण्याचं चक्र फिरवून जहाज त्याच्याकडे ओढत. जुलै १८१२ मध्ये अमेरिकेची ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही युद्धनौका ब्रिटिश जहाजांच्या पाठलागातून अशीच निसटली. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे उतरवणारी जहाजं किनाऱ्याला लागण्याआधी मागच्या बाजूने नांगर सोडत आणि परतताना त्याच्या आधारावर विंचने स्वतःला वाळूतून मागे खेचून घेत. रुंद, चपट्या पात्यांचा डॅनफोर्थ नांगर त्याच काळातला. काही वाळवंटी प्रवासी आज तो गाडीत ठेवतात. अमेरिकेत बनणारा ‘पुल-पॅल’ मात्र खास गाड्यांसाठी आहे. त्याच्या घडीच्या दांड्याला फाळ असतो आणि दोर ताणला की तो आपोआप खोल शिरत जातो. भुसभुशीत वाळूत तो पकड घेण्याआधी बरंच अंतर घसरतो, म्हणून सुरुवातीला खड्डा खणून फाळ खाली बसवलेला बरा.

जमिनीत खुंट्या ठोकण्याचा उपाय लष्करात जुना आहे. पुढे तीन, मागे दोन, शेवटी एक अशा सहा खुंट्या एकमेकींना बांधल्या तर चांगल्या मातीत सुमारे १,८०० किलोंचा भार पेलतात. ओल्या, वाळूमिश्रित चिकणमातीत लष्करी पुस्तिका तो निम्मा धरायला सांगते. कोरड्या टेकडीवर त्यांच्यावर विसंबू नये.

सर्वांत भरवशाचा नांगर म्हणजे घट्ट जमिनीवर उभी असलेली दुसरी गाडी. तिच्या चाकांपुढेही अडसर घालावेच लागतात, नाहीतर तीही ओढली जाते.

ताणलेल्या दोराजवळ उभं राहणं ही चूक जिवावर बेतते. पोलादी दोर तुटला तर साठलेली सगळी शक्ती घेऊन उलटा फिरतो. नांगर उपटला गेला तर तो थेट गाडीकडे झेपावू शकतो. दोरावर जाड घोंगडं टाकावं आणि बाकीच्यांनी दोराच्या लांबीहून दूर राहावं. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर किंवा पट्टा कधीच अडकवू नये. तो तुटून उडाल्याने ऑस्ट्रेलियात माणसं मेली आहेत. तिथे गाडी ओढण्याच्या पट्ट्यांवर धोक्याची सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

नाशिकच्या कारखान्यात बनलेल्या थार गाड्या आता थेट जैसलमेरच्या वाळूत उतरतात, आणि आखातात नोकरी करणारी मराठी मंडळी सुटीच्या दिवशी लिवाच्या वाळूच्या टेकड्यांकडे वळतात. त्यांनी विंच घेण्याआधी लांब दांड्याचं फावडं, हवेचा मापक, कॉम्प्रेसर आणि दोन रिकव्हरी पट्ट्या घ्याव्यात, आणि एकट्या गाडीने जाऊ नये. मुक्कामाजवळच्या वाळूत स्टेपनी एकदा स्वतः पुरून पाहावी, म्हणजे किती वेळ आणि किती पाणी लागतं याचा अंदाज येईल. आणि सगळं करूनही गाडी निघाली नाही, तर तिला सोडून चालू लागू नये. सावली धरून तिच्याजवळच थांबावं, कारण शोध घेणाऱ्यांना वाळवंटात एकट्या माणसापेक्षा गाडी कितीतरी लवकर दिसते.