संपलेली गोष्ट पुढे कोण नेतो?

आजचा विषय वाचून काही मित्रांनी मला हसत विचारले, “पगारवाढ आणि बोनस सोडून तुम्ही हे प्रेमपटांचे प्रकरण कधीपासून हाती घेतले?” प्रश्न रास्त आहे. मी साहित्याचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि गेट-सभांत झाले. पण एखादी वस्तू बनते कशी, तिच्यासाठी घाम कोण गाळतो आणि तिचे पैसे कोणाच्या खिशात जातात, हे विचारण्याची सवय मात्र मला जडली आहे. जुन्या, लोकांच्या जिवाभावाच्या प्रेमपटांची ‘पुढची गोष्ट’ दूरचित्रवाणीवर दाखविण्याचा जो उद्योग अमेरिकेत झाला, त्यालाही हेच प्रश्न विचारून पाहावयाचे आहेत. त्यासाठी दोनच चित्रपट घेतो : ‘कासाब्लांका’ आणि ‘गॉन विथ द विंड’.

दोहोंत एक साम्य आहे. दोन्ही गोष्टी ताटातुटीवर संपतात. ‘कासाब्लांका’ १९४२ सालचा. युरोपातून जीव घेऊन पळालेली माणसे मोरोक्कोतल्या त्या शहरी अडकून पडली आहेत आणि रिक नावाचा एक कडवट अमेरिकन तेथे उपाहारगृह चालवीत आहे. त्याची जुनी प्रेयसी इल्सा आपल्या पतीसह तेथे येते. पती नाझींविरुद्ध लढणारा. शेवटी रिक तिला आपल्यापाशी ठेवून घेत नाही; पतीबरोबर विमानात बसवून देतो आणि स्वतः मागे राहतो. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात, पण मनात कोठेतरी त्यांची मानही ताठ झालेली असते.

आता याच्या पुढे काय दाखवाल? वॉर्नर ब्रदर्स कंपनीने १९५५ साली एबीसी वाहिनीसाठी याच नावाची मालिका काढली. चार्ल्स मॅकग्रॉ हा नट रिक झाला आणि महायुद्धाऐवजी शीतयुद्धाचा काळ आला. मालिका एका हंगामापलीकडे गेली नाही. १९८३ साली एनबीसीवर दुसरा प्रयत्न झाला. डेव्हिड सोल रिक झाला. या वेळी गोष्ट पुढे न नेता मागे नेली, म्हणजे इल्सा येण्यापूर्वीचे दिवस दाखविले. तिचे अवघे पाच भाग निघाले.

दोन्ही वेळा असे का व्हावे? नट वाईट होते म्हणून नव्हे. कारण धंद्याच्या रचनेतच आहे. चित्रपटाचे तिकीट एकदा विकले जाते. त्यासाठी गोष्ट संपावी लागते. मालिकेचा पैसा जाहिरातींतून आठवड्याच्या आठवड्याला येतो. तिच्यासाठी गोष्ट कधी संपताच कामा नये. म्हणून मालिकेला हवा असतो एक अड्डा, जेथे दर आठवड्याला नवे गिऱ्हाईक नवे संकट घेऊन येईल. रिकचे उपाहारगृह त्या कामाला सोयीचे होते. त्याचा त्याग मात्र निरुपयोगी होता, कारण माणूस असा त्याग आयुष्यात एकदाच करतो. तो दर आठवड्याला करू लागला तर ती नोकरी होईल. तेव्हा मालिकेने पाटी घेतली, खुर्च्या-टेबले घेतली, आणि ज्यासाठी लोक रडले ते बाहेर ठेवले.

‘गॉन विथ द विंड’ची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे. मार्गारेट मिचेल यांची कादंबरी १९३६ साली निघाली आणि १९३७ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. डेव्हिड सेल्झनिक यांचा चित्रपट १९३९ सालचा. आपल्या दार्जिलिंग येथे १९१३ साली जन्मलेली व्हिव्हियन ली त्यात स्कार्लेट ओहारा झाली आणि क्लार्क गेबल ऱ्हेट बटलर. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या आधीचा व नंतरचा काळ, दक्षिणेकडील कापसाचे मळे, आणि एक हट्टी, स्वार्थी पण कधी हार न मानणारी बाई. आपले खरे प्रेम कोणावर आहे हे तिला कळते, तेव्हा तो माणूस घर सोडून निघालेला असतो. माहेरच्या मळ्यावर परतावे आणि त्याला परत मिळविण्याचा विचार उद्या करावा, असे ठरवून ती उभी राहते. येथे गोष्ट संपते.

तो परत आला का? हा प्रश्न वाचकांनी मिचेलबाईंना आयुष्यभर विचारला. पुढचा भाग लिहिण्यास त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. १९४९ च्या ऑगस्टमध्ये अटलांटा येथे रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून त्या वारल्या.

लेखिका गेली, पण मालमत्ता राहिली. हक्क प्रथम पतीकडे, मग भाऊ स्टीफन्स मिचेल यांच्याकडे आणि १९८३ साली भाऊ वारल्यावर भाच्यांच्या वाट्याला आले. मधल्या काळात ॲन एडवर्ड्स या लेखिकेकडून चित्रपटासाठी पुढची गोष्ट लिहून घेतली होती; ती प्रसिद्ध झाली नाही. चित्रपटाचे हक्क ज्या एमजीएम कंपनीकडे होते ती म्हणाली, पुढचा भाग काढण्याचा हक्कही आमचाच. प्रकरण कोर्टात गेले. १९८५ साली अपील न्यायालयाने निकाल दिला, की मूळ गोष्ट विकत घेतल्याने पुढची गोष्ट आपोआप विकत घेतली असे होत नाही. तो हक्क वारसांचाच. ज्याने कधी करारनाम्यावर सही केली आहे त्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा. कागदावर जे लिहिलेले नाही ते दिलेले नाही.

वारसांपुढे दुसरे एक घड्याळ टिकटिकत होते. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे कादंबरीवरील हक्क ७५ वर्षांनी, म्हणजे २०११ अखेर संपणार होता. मग कोणीही पुढचा भाग लिहू शकला असता. त्यापेक्षा आपणच आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावा, हा त्यांचा विचार. ॲलेक्झांड्रा रिप्ले यांची ‘स्कार्लेट’ १९९१ साली बाहेर पडली. टीकाकारांनी ती झोडपली, आणि लोकांनी लाखांनी विकत घेतली. गंमत अशी, की १९९८ साली अमेरिकेने ही मुदत ९५ वर्षांवर नेली आणि २०११ चे २०३१ झाले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असा नियम आहे. त्या हिशेबाने भारतात ही कादंबरी २००९ अखेरच सर्वांची झाली.

‘स्कार्लेट’वरून त्याच नावाची मालिका सीबीएसने नोव्हेंबर १९९४ मध्ये चार रात्री दाखविली. जोआन व्हॅली स्कार्लेट झाली, टिमथी डाल्टन ऱ्हेट. नोव्हेंबरच का? तेथे त्या काळी वर्षातून चार महिने स्थानिक केंद्रांच्या प्रेक्षकांची मोजणी होई आणि त्या आकड्यांवर पुढच्या जाहिरातींचे दर ठरत. नोव्हेंबर हा त्यांतला एक महिना. मूळ चित्रपट एनबीसीने प्रथम दोन रात्री दाखविला तोही नोव्हेंबर १९७६ मध्येच. आमच्या गिरणगावात तपासनीस यायच्या दिवशी खात्यात झाडलोट होई, तसाच हा प्रकार. ज्या महिन्यात डोकी मोजली जातात, त्या महिन्यासाठी सर्वांत ओळखीचे नाव राखून ठेवलेले असते.

आणि गोष्ट? स्कार्लेट आयर्लंडला, बापाच्या मुलखात जाते, जमीन घेते, इंग्रज जमीनदारांविरुद्धच्या झगड्यात ओढली जाते, मालिकेत तिच्यावर खुनाचा खटला होतो, ऱ्हेट धावून येतो आणि दोघे एकत्र येतात. लोकांना हवे होते ते मिळाले. मी त्या लोकांना हसणार नाही. तुटलेली माणसे पुन्हा जुळावीत ही इच्छा खुळी नव्हे. तिच्यावरच आपले संसार आणि आमच्या संघटनाही चालतात. माझी तक्रार निराळी आहे. स्कार्लेटला आयर्लंडला का न्यावे लागले? कारण अमेरिकेच्या दक्षिणेत गोष्ट पुढे नेली असती तर एक प्रश्न समोर उभा राहिला असता : त्या मळ्यांत कापूस वेचणाऱ्या, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या मजुरांचे पुढे काय झाले? त्या प्रश्नापेक्षा समुद्र ओलांडणे सोपे होते. परक्या देशातल्या कुळांसाठी नायिकेला हळवे करता येते. घरच्या मजुरांचा हिशेब मात्र निघत नाही. स्कार्लेटला लहानाची मोठी करणारी काळी दाई, जिला सारे नुसते ‘मॅमी’ म्हणतात, ती तर रिप्लेबाईंच्या कादंबरीत सुरुवातीलाच मरते.

या मॅमीचे काम १९३९ च्या चित्रपटात हॅटी मॅकडॅनियल हिने केले. अटलांटा येथे पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ रोजी झाला. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे तिला तेथे जाता आले नाही. पुढे फेब्रुवारी १९४० मध्ये तिला ऑस्कर मिळाले. ते मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण त्या समारंभातही तिला बसविले ते बाजूच्या निराळ्या टेबलावर.

नटांच्या मजुरीचेही ऐका. चित्रपट दूरचित्रवाणीवर पुन्हापुन्हा दाखविले जाऊ लागले, तेव्हा नटांनी विचारले, काम एकदा आणि विक्री दहादा, तर दहाव्या विक्रीत आमचा वाटा कोठे? मार्च १९६० मध्ये त्यांच्या संघटनेने संप केला. सुमारे सहा आठवड्यांनी तडजोड झाली. १९६० पासूनच्या चित्रपटांना वाटा मिळू लागला. आधीच्या काही वर्षांच्या बदल्यात निवृत्तिवेतन व आरोग्य यांसाठी साडेबावीस लाख डॉलरचा निधी मिळाला. आणि १९४८ पूर्वीच्या चित्रपटांवर पाणी सोडावे लागले. तेव्हा १९७६ साली त्या दोन रात्री कोट्यवधी लोक पडद्यासमोर बसले, त्यातून १९३९ च्या नटमंडळींना या करारान्वये काहीच मिळावयाचे नव्हते. या संपाचे पुढारी होते रोनाल्ड रेगन! पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९८१ साली त्यांनीच ११,००० हून अधिक संपकरी विमान-नियंत्रकांना घरी बसविले. पुढचा भाग मूळ गोष्टीला शोभेलच असे नाही, हे केवळ चित्रपटांनाच लागू नाही.

उलट उदाहरणही सांगतो. याच चित्रपटात मेलनीचे काम करणारी ऑलिव्हिया द हॅविलंड हिला तिची कंपनी भूमिका नाकारल्याबद्दल बिनपगारी बसवी आणि ते दिवस सात वर्षांच्या करारात मागून जोडी. ती कोर्टात गेली. १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सांगितले, सात वर्षे म्हणजे पंचांगाची सात वर्षे. तिच्या नावाने तो कायदा आजही ओळखला जातो.

मग पुढची गोष्ट लिहूच नये काय? असे मी म्हणणार नाही. २००१ साली ॲलिस रँडल या काळ्या लेखिकेने ‘द विंड डन गॉन’ ही कादंबरी लिहिली. तिची निवेदिका सायनारा ही मॅमीची आणि मळेमालकाची मुलगी, म्हणजे स्कार्लेटची सावत्र बहीण. तीच हवेली, तीच माणसे, पण आता स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलेली. वारसांच्या बाजूने लगेच मनाई हुकूम मिळविण्यात आला. अपील न्यायालयाने महिन्याभरात तो उठविला, आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन अटलांटा येथील मोरहाउस कॉलेजला देणगी मिळाली. मोरहाउस ही काळ्या विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली संस्था.

या दोन पुस्तकांत फरक काय? एकाने विचारले, ‘तो परत आला का?’ दुसऱ्याने विचारले, ‘त्या घरात आणखी कोण होते?’ पहिल्याला परवानगी, चार रात्री आणि जाहिराती मिळाल्या. दुसऱ्याला समन्स मिळाले. पण मूळ गोष्टीत जे दडले होते ते दुसऱ्यानेच पुढे आणले.

संपलेली गोष्ट पुढे नेण्याचा कायदेशीर हक्क वारसांचा असेल, कंपनीचा असेल. तो कोर्टाने ठरवावा. नैतिक हक्क मात्र, माझ्या मते, तिच्यात ज्यांना बोलू दिले नाही त्यांचा सर्वांत आधी. तेव्हा यापुढे एखाद्या आवडत्या चित्रपटाची पुढची गोष्ट घरच्या पडद्यावर आली तर जरूर पाहा. नायक-नायिका भेटली तर आनंदही माना. फक्त मागे ताट घेऊन उभी असलेली ती बाई या वेळी तरी काही बोलली का, तेवढे पाहायला विसरू नका.