विस्तवाभोवतीचा कौल : आयर्लंड-स्कॉटलंडमधील घरगुती हॅलोविन

हॅलोविन म्हटले की कोरलेला भोपळा, भुताखेतांचे मुखवटे आणि चॉकलेटे मागत दारोदार फिरणारी मुले, असे अमेरिकी चित्र मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हा सण रुजला, तेथे तो प्रामुख्याने घरात, विस्तवाभोवती गोळा होऊन साजरा होत असे, आणि त्या रात्री भुतांइतकीच, किंबहुना अधिक, चर्चा असे ती घरातील उपवर मुलामुलींच्या लग्नांची.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. सुगी संपून हिवाळा लागण्याच्या संधिकाळात तेथील गेल लोक आपला जुना ऋतुसण पाळत. नवव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपातील चर्चमध्ये १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून रूढ झाला आणि ३१ ऑक्टोबर त्याची पूर्वसंध्या, म्हणजेच हॅलोविन, ठरली. त्यापाठोपाठ येणारा २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा असून, गोव्यातील व वसईतील ख्रिस्ती कुटुंबे त्या दिवशी आजही कबरींवर मेणबत्त्या लावतात. एकोणिसाव्या शतकात लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले आणि तेथे सलगम कोरून केलेल्या कंदिलाची जागा भोपळ्याने घेतली.

घरगुती हॅलोविनचा सर्वांत रसाळ दस्तऐवज म्हणजे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याची १७८६ साली प्रसिद्ध झालेली ‘हॅलोविन’ ही कविता. कवीने स्वतःच तिला तळटिपा जोडून एकेका चालीचा खुलासा केल्यामुळे ती लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांच्याही कामी येते. तरुण मंडळी डोळे मिटून परसात जात आणि केल या कोबीवर्गीय भाजीचे हाताला लागेल ते रोप उपटत. ते रोप सरळ की वाकडे यावरून जोडीदाराची शरीरयष्टी, मुळांना चिकटलेल्या मातीवरून हुंड्याची रक्कम आणि देठाच्या गाभ्याच्या चवीवरून त्याचा स्वभाव ताडला जाई. मग एका मुलाच्या आणि एका मुलीच्या नावाने दोन कवचफळे शेजारी-शेजारी निखाऱ्यांवर ठेवत. ती शांतपणे एकत्र जळाली तर जमले, एक फुटून दूर उडाले तर फिसकटले. पत्रिका, गुण आणि मध्यस्थ यांपैकी कशाचीच गरज न लागणारी ही पद्धत, प्रस्तुत लेखकाच्या मते, विवाहजुळणीच्या इतिहासातील सर्वांत झटपट आणि सर्वांत हसरी पद्धत असावी.

बर्न्सने नोंदवलेला तीन भांड्यांचा खेळ मात्र थोडा निष्ठुर आहे. एकात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात गढूळ पाणी, तिसरे रिकामे. डोळे बांधलेल्या पुरुषाचा डावा हात स्वच्छ पाण्यात पडला तर त्याला कुमारिका, गढूळ पाण्यात पडला तर विधवा मिळणार, आणि रिकाम्या भांड्याला लागला तर लग्नच नाही. भांड्यांच्या जागा बदलून हा कौल तीनदा घेत. याच जातीच्या बशांच्या खेळावर जेम्स जॉइसने ‘डब्लिनर्स’ (१९१४) या संग्रहातील ‘क्ले’ ही कथा रचली आहे. प्रौढ, अविवाहित मारियाच्या बोटांना बशीतील ओला, मऊ गोळा लागतो. हा चिखल मृत्यूचे चिन्ह मानला जाई, म्हणून घरातील माणसे गप्प होतात आणि तिला दुसऱ्यांदा हात घालायला लावतात. या वेळी प्रार्थनापुस्तक, म्हणजे मठातील आयुष्य, तिच्या वाट्याला येते. लग्नाची खूण असलेली अंगठी तिला मिळत नाही. सणाच्या खेळातून एका आयुष्याचा असा निकाल लावणारी दुसरी कथा सापडणे कठीण.

त्याच कथेत मारिया ज्याचे काप वाटते तो बार्मब्रॅक म्हणजे आयरिश हॅलोविनचा प्राणच. बार्मब्रॅक हा मनुका-बेदाणे घातलेला गोडसर पाव असून त्याच्या कणकेत चिन्हे दडवत : अंगठी म्हणजे वर्षाच्या आत लग्न, नाणे म्हणजे संपत्ती, चिंधी म्हणजे दारिद्र्य, काटकी म्हणजे दुःखी संसार आणि वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही. खाणे आणि भविष्य पाहणे या दोन क्रिया एकाच घासात होत असल्याने पंगतीतील प्रत्येकाचे लक्ष शेजाऱ्याच्या कापाकडेही राही. आयर्लंडमधील दुकानांत ऑक्टोबरात आजही अंगठीचा ब्रॅक मिळतो. जोडीला कोल्कॅनन, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यात केल किंवा कोबी मिसळून मधल्या खळग्यात लोणी सोडलेला पदार्थ, असे.

जेवणानंतर सफरचंदांचा दंगा. डॅनियल मॅक्लीस या कॉर्कच्या चित्रकाराने ब्लार्नी येथे १८३२ साली पाहिलेल्या मेजवानीवरून पुढच्या वर्षी ‘स्नॅप-ॲपल नाइट’ हे चित्र रंगवले. त्यात कोणी टांगलेले सफरचंद दातांनी पकडत आहे, मुले पाण्याच्या टबात तोंड घालत आहेत आणि एका बाजूला कौल घेणे चालूच आहे. पुढे १९३७ ते १९३९ या काळात आयरिश शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून लोकपरंपरा उतरवून घेतल्या, त्या संग्रहातही हॅलोविनचे हे खेळ आढळतात.

बाजारातले मुखवटे आणि प्लॅस्टिकचे सांगाडे यांपेक्षा हा घरगुती उत्सव स्वस्त आणि अधिक माणसाळलेला आहे. ज्यांना तो करून पाहायचा असेल त्यांनी मनुका-बेदाणे रात्रभर कोऱ्या चहात भिजवावेत, सकाळी त्यांत मैदा, बेकिंग पावडर, तपकिरी साखर, अंडे व मसाला मिसळून ब्रॅक भाजावा, अंगठी बटर पेपरमध्ये नीट गुंडाळून आत घालावी, आणि काप वाटण्यापूर्वी सर्वांना तिची पूर्वसूचना जरूर द्यावी.