घणसोली ठाण्यापासून कितवं? असेंबलर, ऑब्जेक्ट फाइल आणि दुरुस्तीची यादी

आजचा पाठ मोठ्या मुलांच्या अभ्यासातला आहे, पण तो घणसोली गावातून सुरू करू या.

संगणक अभियांत्रिकीला सिस्टिम प्रोग्रामिंग शिकताना मुलांना चार नावं भेटतात: ईएसडी, टीएक्सटी, आरएलडी आणि एंड. बरीच मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि सोडून देतात. खरं तर त्यामागची कल्पना आठवीच्या मुलालाही कळेल इतकी साधी आहे.

आधी एक सोपा प्रश्न

घणसोली स्टेशन ठाण्यापासून कितवं? २०२३ पर्यंत उत्तर होतं, तिसरं. ऐरोली, रबाळे, घणसोली. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मधे दिघा गाव स्टेशन सुरू झालं आणि घणसोली चौथं झालं. स्टेशन जागचं हललं नाही, तरी आकडा बदलला.

आता समजा, एका क्लासच्या जुन्या पत्रकात तीन सूचना आहेत.

१. ठाण्याहून येताना ३ ऱ्या स्टेशनवर उतरा.
२. रबाळेच्या पुढच्या स्टेशनवर उतरा.
३. येताना ३ फोटो आणा.

यातली कोणती सूचना दुरुस्त करायची? फक्त पहिली. दुसरी रबाळेपासून मोजलेली आहे, म्हणून ती आजही बरोबर आहे. तिसरीतला ३ म्हणजे फोटोंची संख्या, तिचा स्टेशनाशी संबंध नाही. आपल्याला हे अर्थावरून कळतं. यंत्राला कसं कळणार? त्याच्या लेखी दोन्ही ३ सारखेच!

असेंबलरची अडचण

असेंबलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचनांचं यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करणारा प्रोग्राम. तो सहसा मजकूर दोनदा वाचतो. पहिल्या फेरीत कोणतं नाव कितव्या बाइटवर आलं याचा तक्ता करतो, दुसऱ्या फेरीत प्रत्यक्ष आकडे लिहितो. पण हा प्रोग्राम पुढे मेमरीत नेमका कुठे बसणार, हे त्याला माहीत नसतं. म्हणून तो सुरुवात शून्य धरतो आणि पुढे काय दुरुस्त करावं लागेल ते लिहून ठेवतो.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० हे मेनफ्रेम जाहीर केलं. त्याचा असेंबलर जी ऑब्जेक्ट फाइल देई, ती ८० रकान्यांच्या पंचकार्डांच्या मापाची होती. तिच्यात चार प्रकारची कार्डं असत.

ईएसडी: या प्रोग्राममधल्या विभागांची नावं आणि लांबी, तसंच बाहेरून हव्या असलेल्या नावांची नोंद.
टीएक्सटी: प्रत्यक्ष यंत्रसूचना आणि आकडे. एका कार्डावर जास्तीत जास्त ५६ बाइट.
आरएलडी: कोणत्या जागेवरचा आकडा, कोणाच्या पत्त्यानुसार दुरुस्त करायचा, त्याची यादी.
एंड: समाप्ती, आणि हवं तर काम कुठून सुरू करायचं तो पत्ता.

आकडे घालून बघू

समजा आपला विभाग २०० बाइटांचा आहे. ४० व्या बाइटवर 'बेरीज' या जागेचा पत्ता लिहायचा आहे आणि 'बेरीज' सुरुवातीपासून १०० वर आहे. असेंबलर तिथे १०० लिहितो. पुढे ४४ वर फीची रक्कम आहे, तीही १००. ४८ वर 'शुल्क' नावाच्या दुसऱ्याच प्रोग्रामचा पत्ता हवा आहे. तो माहीतच नाही, म्हणून तिथे ०.

आता विभाग मेमरीत ५००० वर बसला आणि 'शुल्क' ५२०० वर. आरएलडीच्या यादीत दोनच जागा आहेत, ४० आणि ४८. त्यामुळे पहिल्या जागी १०० + ५००० = ५१००, तर ४८ च्या जागी ० + ५२०० = ५२००. फीच्या १०० ला कोणी हात लावत नाही, कारण ४४ यादीत नाहीच. ती चुकून यादीत आली असती तर? शंभर रुपयांची फी एकावन्नशे झाली असती, आणि यंत्राने तक्रारही केली नसती!

मग यादी एवढी छोटी कशी?

सिस्टिम/३६० च्या मेमरीतल्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या सूचना पूर्ण पत्ता लिहीतच नाहीत. त्या 'बेस रजिस्टरपासून इतके बाइट पुढे' असं सांगतात आणि हे अंतर ० ते ४०९५ असू शकतं. ही झाली आपली 'रबाळेच्या पुढचं स्टेशन' पद्धत. प्रोग्राम कुठेही बसवा, बेस रजिस्टरमध्ये योग्य पत्ता आला की अंतर तेच राहतं. एकाच विभागातल्या दोन पत्त्यांची वजाबाकीसुद्धा दुरुस्त करावी लागत नाही. घणसोली आणि ऐरोलीमधला फरक दिघा गाव आल्यावरही दोनच आहे ना, तसंच. दुरुस्ती लागते ती पूर्ण पत्ता लिहिलेल्या जागांनाच.

पंचकार्डं गेली, पण ८० बाइटांच्या नोंदींची ही ऑब्जेक्ट फाइल आजच्या आयबीएम मेनफ्रेमवरही चालते. घणसोलीहून खाडीपलीकडे पवईला आयआयटी मुंबई आहे. तिथे प्राध्यापक राहिलेले डी. एम. ढमढेरे यांच्या सिस्टिम प्रोग्रामिंगच्या पुस्तकात हीच कल्पना एका काल्पनिक यंत्रावर समजावली आहे. यंत्र बदललं तरी प्रश्न तोच: हा आकडा पत्ता आहे की नुसती संख्या?

वर्गात किंवा घरी करून बघा

मुलांना एका कागदावर दहा वाक्यं द्या. काहींत ठाण्यापासूनचा क्रमांक, काहींत शेजारच्या स्टेशनावरून सांगितलेली जागा, काहींत साध्या संख्या. मग सांगा, 'मधे एक नवं स्टेशन आलं. मूळ कागदावर काही न खोडता, कोणत्या वाक्यात काय बदलायचं याची वेगळी यादी करा.' नंतर ती यादी दुसऱ्या मुलाला द्या. त्याने अर्थाचा विचार न करता, फक्त यादी पाहून कागद दुरुस्त करायचा. सगळं बरोबर आलं तर पहिलं मूल असेंबलर झालं आणि दुसरं लोडर. मग ती चार नावं पाठ करावी लागणार नाहीत.