भूकंपाचा ठावठिकाणा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साखरझोपेत असलेले कोयनानगर ज्या भूकंपाने जमीनदोस्त केले, त्याची नोंद जगभरच्या वेधशाळांनी घेतली खरी. परंतु तो नेमका कोठे आणि किती खोलीवर उद्भवला, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाला निरनिराळ्या संस्थांनी दिलेली उत्तरे मात्र एकमेकांशी जुळेनात. असा मतभेद केवळ घड्याळाच्या वा निरीक्षकाच्या चुकीने पडत नाही. लहरी ज्या खडकांतून धावत आल्या, त्यांतील त्यांच्या वेगाविषयी गणकाने जे गृहीत धरले असेल, त्यातही त्याचे पुष्कळसे बीज असते.

भूकंपमापकाच्या आलेखावर आधी प्राथमिक लहरीचा बारीकसा झटका उमटतो आणि मागाहून अधिक आडदांड अशी दुय्यम लहर येऊन रेघ विसकटून टाकते. या दोहोंमधील कालांतर, विजेनंतर गडगडाट किती वेळाने ऐकू आला यावरून ढगाचे अंतर काढावे त्याप्रमाणे, उगमाच्या अंतराची पहिली साक्ष देते. समजा, ते अडीच सेकंद भरले. सारा मार्ग ग्रॅनाइटाचा मानून प्राथमिक लहरीचा वेग सेकंदाला सहा किलोमीटर आणि दुय्यम लहरीचा नेहमीच्या प्रमाणात त्याहून कमी धरला, तर उगम सुमारे साडेवीस किलोमीटरांवर पडतो. तोच मार्ग बेसाल्टाचा मानून वेग पाच किलोमीटर धरला, तर तो सतराच किलोमीटरांवर येतो. आलेख एक, घड्याळ एक. तरी ठिकाणात तीन किलोमीटरांहून अधिक तफावत, आणि ती सर्वस्वी खडकाविषयीच्या गृहीताची!

म्हणूनच कोणत्या खोलीवर लहरींचा वेग किती, याचा तक्ता, ज्याला शास्त्रज्ञ वेगप्रतिमान म्हणतात, हे या विद्येतले मुख्य दफ्तर होय. ग्योटिंगेनच्या लुडविग गायगरने १९१० मध्ये मांडलेली रीत आजही मुळात तीच आहे: उगमाचे स्थान व वेळ यांचा प्रथम अंदाज करावा, तक्त्यावरून प्रत्येक केंद्रावर लहर केव्हा पोचली असती ते काढावे, प्रत्यक्ष नोंदीशी पडणारी बाकी पाहून अंदाज सुधारावा, आणि बाकी क्षुल्लक होईपर्यंत हाच क्रम चालवावा. परंतु बाकी मिटली म्हणजे ठिकाण खरे ठरले, असे समजणे भोळेपणाचे आहे. कारण सारी केंद्रे दूर असतील, तर उगमाची खोली बदलून त्याबरोबर त्याची वेळही थोडी मागेपुढे केली तरी हिशेब जवळजवळ तसाच जुळतो, आणि मग खोलीची जबानी सर्वांत अविश्वसनीय ठरते.

वेग कळल्यावाचून उगम सापडत नाही आणि उगम ठाऊक असल्यावाचून वेग कळत नाही, हे चक्र मोडावयाचे तर स्थळ व वेळ दोन्ही आधीच ठाऊक असलेला धक्का हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात कोकणकिनाऱ्यापासून घाटमाथ्यापलीकडे ठरावीक जागी सुरुंग उडवून, त्यांच्या लहरी ओळीने मांडलेल्या यंत्रांवर टिपल्या, त्या याच हेतूने. पुढे कोयना परिसरातील गोठणे येथे २०१६–१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आले, तेव्हा सुमारे साडेबाराशे मीटरांवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी पायाखडक लागला. खोऱ्यात इतरत्रही बेसाल्ट भेदून त्या पायाखडकात भूकंपमापक उतरवण्यात आले आहेत, जेणेकरून भूपृष्ठावरचा गलबला टाळून धक्क्याची पहिली चाहूल स्वच्छ ऐकू यावी.

अमेरिकेतील वाल्डहाउझर व एल्सवर्थ यांनी २००० मध्ये आणखी एक युक्ती प्रचारात आणली. शेजारीशेजारी उद्भवलेल्या दोन भूकंपांच्या लहरी दूरच्या केंद्राकडे जवळजवळ एकाच वाटेने जातात. तेव्हा त्यांच्या वेळांतील फरक घेतला, की त्या समाईक वाटेचे अज्ञान बहुतांशी वजा होते आणि विखुरलेले ठिपके विभंगाच्या रेषेवर शिस्तीने येऊन बसतात. अर्थात त्याने धक्क्यांचे परस्परांतील नाते उलगडते. सारा समूहच नकाशावर वा खोलीत सरकला आहे की काय, याचा निवाडा अखेर वेगाच्या तक्त्याकडेच राहतो.

गोठण्याच्या विवराने त्या तक्त्याच्या वरच्या तीन किलोमीटरांना प्रत्यक्ष खडकाचा दाखला मिळवून दिला. कोयनेचे बहुतेक धक्के त्याहूनही खाली उद्भवतात, आणि तेथील वेग आजही लहरींच्या जबानीवरूनच अनुमानावा लागतो.